अमेचरसाहेबांचा नियम

माझ्या लग्नाचा एकच फोटो आहे. त्यात अंतरपाटाचा वरचा काठ आहे, भटजींचं कोपर आहे आणि उजव्या बाजूला माझ्या सासऱ्यांचा फेटा आहे. सासरे नाहीत. मी नाही, बायको तर नाहीच नाही. हा फोटो फुकट काढून मिळाला होता आणि फुकट काढून देतो म्हणणाऱ्या माणसाला मी हो म्हटलं, याबद्दल बायकोनं मला आजतागायत माफ केलेलं नाही.

फोटो काढणारे ते आमच्या जबलपूरच्या तोफांच्या फॅक्टरीतले अमेचरसाहेब. त्यांचं खरं नाव पगाराच्या रजिस्टरात होतं, ते तिथंच राहिलं. अमेचर म्हणजे हौशी, एवढं इंग्रजी आमच्या फॅक्टरीतल्या शेवटच्या हमालालाही येत होतं ते यांच्यामुळे. गोहलपूरच्या सायकलवाल्यापासून कँटीनच्या महाराजापर्यंत त्यांनी सगळ्यांना धरून धरून समजावलं होतं, की जगात माणसं दोनच प्रकारची. एक हौशी, दुसरी धंदेवाईक. हौशी माणूस जे करतो ते प्रेमानं करतो, धंदेवाईक पोटासाठी करतो. आणि ज्याच्यात पोट आलं त्याच्यातून देव उठून गेला. हे ते बिडी पिणाऱ्या माणसाच्या तोंडातली बिडी विझेपर्यंत सांगायचे.

मूळचे उमरेडकडचे. वडील रेल्वेत म्हणून जबलपूरला आले आणि इथंच मुरले. टूलरूममध्ये चार्जमन, म्हणजे कामगारांच्या वरचे मिस्त्री होते. उंच, वाळके, मानेवर केसांची एक पायरी असायची, कारण केसही स्वतःचे स्वतःच कापायचे. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांच्या नाड्या दर रविवारी धुऊन तुळशीवृंदावनावर वाळत घातलेल्या असायच्या. वहिनींना त्या आधी उचलून मगच पाणी घालावं लागायचं.

त्यांचा मुख्य सिद्धांत असा, की हात बसला की सोडायचं. एखादी गोष्ट नीट जमायला लागली की ती हौस राहत नाही, तिची मजुरी होते. म्हणून त्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट जमू दिली नाही. बुलबुल तरंग वाजवायला घेतलं, तिसऱ्या महिन्यात एक आरती ओळखू यायला लागली, लगेच पेटी बंद करून माळ्यावर. कॅरममध्ये जिंकायला लागले तेव्हा डाव्या हातानं खेळायला लागले. डावाही सरावला तेव्हा सोंगट्या वाटून टाकल्या. होमिओपॅथीचे दोन रोगी एकाच आठवड्यात बरे झाले तेव्हा तर ते फार घाबरले. त्यातला एक मी होतो. मला म्हणाले, "बाबू, कोणाला सांगू नको. योगायोग आहे."

मी म्हटलं, "सांगतो काहून? गुण आला म्हटलं तर लाइन लागेल तुमच्या दाराशी."

"तेच भ्या आहे न," म्हणाले. आठवड्याभरात गोळ्यांचा डबा शेजारच्या पोरांच्या पोटात गेला. साखरेच्या गोळ्या, पोरं खूश.

वहिनी फार कमी बोलायच्या, पण बोलल्या की लक्षात राहायचं. एकदा चहा देताना म्हणाल्या, "या घरात मीच तेवढी धंदेवाईक. रोज दोन वेळा रांधते, पंचवीस वर्षं झाली, हात चांगला बसला आहे. पण मला कोणी सोडा म्हणून नाही राहिलं."

साहेबांनी हे ऐकलं आणि खरंच विचारात पडले. पुढच्या रविवारी स्वतः हौशी भाजी केली. मी त्या दिवशी जेवायला होतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, बिचारी वांगी आता हयात नाहीत.

आता यातली खरी गंमत सांगतो. हा माणूस एका गोष्टीत पक्का उस्ताद होता आणि त्याच गोष्टीची त्याला लाज वाटायची. टूलरूममध्ये गेज बनायचे, म्हणजे तोफेचा प्रत्येक भाग मापात आहे की नाही हे तपासायचे लोखंडी साचे. साहेब गेजवरून नुसता अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "दोन हजारांश जास्त आहे." यंत्रावर लावून पाहिलं की दोनच निघायचे. तीन नाही, दीड नाही. पासष्टच्या लढाईत बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या, खिडक्यांना काळे कागद चिकटवले, अर्ध्या कामगारांचे डोळे सुजले. साहेब मात्र त्या लोखंडापाशी असे उभे की पायाला मुंग्या येतात हेही त्यांना कळत नव्हतं. बाहेरून आलेल्या एका मोठ्या इन्स्पेक्टरनं पास केलेला गेज यांनी अंगठ्यानं नापास केला. तपासणी झाली आणि इन्स्पेक्टरला सॉरी म्हणावं लागलं. दुसरा असता तर त्यानं ही गोष्ट नातवंडांपर्यंत पुरवली असती. मी अभिनंदन करायला गेलो तर हे माझ्यावरच उखडले.

"त्यात काय सांगून राहिला बे? ते पोटाचं काम आहे. पगार मिळतो त्याचा. उद्या म्हणशील, श्वास किती छान घेता!"

लढाईच्या त्याच दिवसांत ते हौशी वॉर्डनही झाले होते. गळ्यात शिटी, दंडावर पट्टा. संध्याकाळी ब्लॅकआउट झाला की कॉलनीत फिरायचे आणि कुठं उजेडाची फट दिसली की शिटी. जखमी माणसाला स्ट्रेचरवर कसं उचलायचं याचं शिक्षण त्यांनी आम्हाला दिलं. जखमी म्हणून आमचे हेडक्लार्क झोपले होते. ते खरोखरचे जखमी होऊन घरी गेले. त्या लढाईत आमच्या कॉलनीतली ती एकुलती एक दुखापत.

हे हौशीपणाचं भूत त्यांच्या मानेवर बसलं कुठून? त्याचीही कहाणी होती आणि ती आम्ही पन्नास वेळा ऐकली होती. इंग्रज होते तेव्हा साहेब फॅक्टरीत ॲप्रेंटिस होते. एक गोरा वर्क्स मॅनेजर होता, त्याला होडी वल्हवायचा नाद. विलायतेहून मागवलेली लांब, निमुळती होडी. दर रविवारी तो ग्वारीघाटला नर्मदेत ती घालायचा. वल्ही खांद्यावर घेऊन त्याच्यामागून जायचं काम या ॲप्रेंटिसचं. एकदा यानं भीतभीत विचारलं, साहेब, एवढा घाम गाळता, याचे तुम्हाला काय पैसे मिळतात? गोरा खो खो हसला आणि म्हणाला, काही नाही, मी अमेचर आहे.

"बस," साहेब सांगायचे, "त्या दिवशी डोळे उघडले. आपल्याकडे नर्मदेत होडी चालवणारा कोण? नावाडी. दोन घाट इकडून तिकडे नेले की हात पुढं. आणि हा राजासारखा माणूस, घाम गाळतो आणि कोणाकडून एक पै नाही घेत! इंग्रज गेला, जाऊ द्या. पण एक चीज देऊन गेला."

"आणि तुम्ही बसायचे का त्या होडीत?" मी एकदा विचारलं.

"मी काठावर. कोट माझ्याकडे असायचा."

"म्हणजे तुमची हौस कोट सांभाळायची."

यावर ते जे रागावले ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला काय, तेवढेच कान शांत. त्या गोऱ्यानं जाताना त्यांना एक पुस्तक दिलं होतं, पाण्यावरच्या खेळांच्या नियमांचं. कुठलाही वाद निघाला की ते त्या पुस्तकाचा हवाला द्यायचे. "पुस्तकात लिहिलेलं आहे!" पुस्तक कोणीच पाहिलेलं नव्हतं. ते ट्रंकेत होतं. पण अशा रीतीनं फॅक्टरीच्या स्पोर्ट्स कमिटीचे ते कायमचे पंच होऊन बसले. पंच म्हणून ते कोणाच्या हातचा चहासुद्धा पीत नसत, पाणीही घरून बाटलीत आणायचे. याच पंचगिरीपायी ती भानगड झाली.

लढाई संपली. लढाईच्या घाईत फॅक्टरीनं शेकड्यांनी टेंपररी माणसं भरली होती, आता ती कमी करायची वेळ आली. यादी बनायला लागली. रोज गेटवर माणसं नोटिशीच्या बोर्डाकडे असं पाहायची की बघवत नव्हतं. त्यातच वरून फर्मान आलं, की सगळ्या फॅक्टऱ्यांच्या पोहण्याच्या शर्यती होणार आहेत. आपल्या फॅक्टरीतर्फे चार जण जातील आणि त्या चौघांत जे टेंपररी असतील त्यांना पर्मनंट केलं जाईल. चार जागा. कोणाच्या संसाराचं काय होणार हे त्या चार जागांवर लटकलेलं.

निवडीची शर्यत ग्वारीघाटला झाली. या काठावरून त्या काठाला हात लावून परत यायचं. स्टॉपवॉच घेऊन अमेचरसाहेब, वही घेऊन मी. मी कमिटीचा क्लार्क, लिहिण्याचं सगळं काम माझ्याकडे. स्मिथीमधला, म्हणजे लोहारखात्यातला, सुखलाल नावाचा एक टेंपररी मजूर होता, चोवीस-पंचवीसचा, बायको आणि म्हातारी आई पदरी. तो पाण्यात शिरला तो दिसेनासाच झाला. बाकीचे तिकडच्या काठाला पोचायचे होते तेव्हा हा इकडे पायरीवर बसून धोतर पिळत होता. घाटावरचे पंडे, फुलवाले सगळे ओरडायला लागले. मीसुद्धा वही खाली टाकून टाळ्या वाजवल्या.

साहेब खूश दिसत होते. जवळ जाऊन कौतुकानं म्हणाले, "वाह! तैरना किससे सीखा?"

"किसी से नहीं साहब," सुखलाल म्हणाला. "यहीं के हैं हम, बाप नाव चलाते थे. लोग नर्मदा जी में पैसे डालते हैं न? बचपन में वही निकालते थे गोता लगा के. निकालते-निकालते आ गया."

साहेबांचा चेहरा उतरला. जेवता जेवता दाताखाली खडा यावा तसं झालं त्यांचं.

"पैसे काढायचा?" मला मराठीत म्हणाले. "पाण्यातून पैसे काढायचा म्हणजे पोहण्याची कमाई खाल्ली. म्हणजे प्रोफेशनल झाला न हा!"

मला वाटलं गंमत करून राहिले. गंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी कमिटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी उभं राहून रीतसर आक्षेप घेतला. शर्यत हौशी लोकांची आहे, नियम पुस्तकात आहे, ज्यानं त्या खेळातून एक पैसाही कमावला तो बाद. कमिटीत मशीनवरचे चार जुने कामगार होते, ते एकमेकांकडे पाहायला लागले. पण अध्यक्षस्थानी होते लेबर ऑफिसर, त्यांनी तो आक्षेप असा झेलला की विचारता सोय नाही. कारण शर्यतीत पाचवा आला होता स्टोअर्समधला एक टेंपररी बाबू आणि तो लेबर ऑफिसरचा साडू होता.

"नियम तो नियम है," लेबर ऑफिसर म्हणाले. "काटिए नाम. पाँचवें को ऊपर लीजिए. चलो, चाय मँगाओ."

मी नाव काटलं. लेखणी माझ्याच हातात होती. चहाही प्यालो.

संध्याकाळी सुखलाल माझ्या क्वार्टरच्या दारात. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की नाव बाबूनं काटलं. मी म्हटलं, मी नाही रे बाबा, चल, ज्यांनी काटायला लावलं त्यांच्याकडे नेतो. मला वाटलं तेवढंच आपल्या डोक्यावरचं जाईल. साहेब अंगणात बसून पुस्तकबांधणी करत होते, त्या महिन्यातली हौस. हाताला सगळी खळ लागलेली.

सुखलाल जमिनीवरच बसला. रडला वगैरे नाही. सरळ म्हणाला, "साहब, लिस्ट में मेरा नंबर है. सोमवार को निकाल देंगे. मैंने कौन-सी चोरी की?"

"चोरी नहीं," साहेब म्हणाले. "लेकिन तुमने पैसे के लिए तैरा है."

"पैसे के लिए?" सुखलाल हसला, फार वेगळं हसला. "साहब, दो घंटे डूबो तो तीन पैसे मिलते थे. बाप डूब के मरे थे, अम्मा पानी में जाने नहीं देती थी. पैसे ला के हाथ में रख देता था, तो चुप हो जाती थी. पैसे तो पानी में जाने के लिए देता था मैं."

साहेब हातातल्या पुस्तकाला खळ लावत राहिले, लावलेल्या जागेवर पुन्हा लावत राहिले. मी म्हटलं, "ऐकलं का तुम्ही?" तर म्हणाले, "ऐकलं. जा आता." वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी सुखलालला गूळ-पाणी दिलं. त्यानं पाणी घेतलं, गूळ ठेवून दिला.

मी जो काही संतापलो होतो! रस्त्याने जाताना मराठी-हिंदी जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या त्या माणसाला दिल्या. सुखलालनं त्यात दोन-चार घाटावरच्या घातल्या. म्हटलं, आयुष्यभर कोणत्याच कामाला धड हात न लावणारा हा गृहस्थ, लावला तोही कोणाच्या पोटावर लाथ मारायला.

शनिवारी शेवटची मीटिंग. सोमवारी दोन्ही याद्या जनरल मॅनेजरच्या टेबलावर जायच्या होत्या, पोहणाऱ्यांची आणि काढायच्या माणसांची. मी चौघांची नावं वाचली, लेबर ऑफिसर सही करायला पेन उघडणार, तेवढ्यात अमेचरसाहेब उभे राहिले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाले, त्यांचा आक्षेप मिनिट्समध्ये नुसता तोंडी सांगितला तसा लिहिला आहे, ते बरोबर नाही. नियम पुस्तकातून वाचून अक्षरशः नोंदवला पाहिजे.

आणि कागद सोडून त्यांनी ते पुस्तक टेबलावर ठेवलं. ज्याच्या नावानं आम्हाला वीस वर्षं छळलं ते पुस्तक! लाल कापडी पुठ्ठा, कडा कसरीनं खाल्लेल्या, पानात खूण घातलेली. कामगारांपैकी एकानं कपाळाला हात लावला. लेबर ऑफिसर घड्याळाकडे पाहून म्हणाले, "अरे साहब, आपकी बात ही नियम है. रहने दीजिए."

"नाही. बाबू, वाचा. हिंदीत सांगा सगळ्यांना."

इंग्रजी माझं बरं होतं, बी.ए. झालेलो. मी खुणेचं पान उघडलं. जुनं छापील, गिचमिड इंग्रजी. मी एकेक तुकडा हिंदीत करत गेलो. अमेचर तो, जो कभी इनाम के पैसे के लिए न उतरा हो. जिसने ये खेल पैसे ले के सिखाया न हो. जिसने इससे रोज़ी न कमाई हो.

"बस, हो गया," लेबर ऑफिसर म्हणाले.

"पूरा पढ़िए, बाबू," साहेब म्हणाले. "खालची ओळ."

मी खालची ओळ पाहिली. एकदा मनात वाचली, पुन्हा वाचली. मग मला अशी उकळी फुटली की काय सांगू. नको नको म्हणत असतानाही तोंडावर हसू आलं आणि मी आवाज चढवून वाचली, नाटकात वाचतात तशी: "और वो आदमी भी अमेचर नहीं माना जाएगा, जो पेशे से मिस्त्री हो, कारीगर हो, या मज़दूर हो!"

मग टर्निंग शॉपचा म्हातारा टर्नर म्हणाला, "मतलब जो हाथ से काम करता हो, वो बाहर?"

"लिहिलं तर तसंच आहे," मी म्हटलं. "खेल का काम हो चाहे न हो. हाथ काले हुए कि बाहर."

"तो चार्जमन साहब," टर्नर म्हणाला, "आप भी?"

"मैं भी," साहेब म्हणाले. उभेच होते. "मैं तो पहले."

खोलीत जो हशा उसळला! मशीनवाले टेबल बडवत होते. वीस वर्षांचा हिशेब चुकता होत होता. मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मला माझा लग्नाचा फोटो आठवत होता, भटजींचं कोपर आठवत होतं. त्या नियमानं त्या खोलीत दोनच हौशी उरले होते, एक लेबर ऑफिसर आणि दुसरा मी. आणि ते लेबर ऑफिसरच्याही ध्यानात आलं, कारण हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "लेकिन देखिए, स्टोअर्स वाला तो क्लर्क है. क्लर्क मज़दूर नहीं है. वो तो इसमें भी बचता है."

हे बोलायला नको होतं त्यांनी. मशीनवाल्यांचं हसू एकदम बंद झालं. म्हातारा टर्नर उभा राहिला. लढाईत तोफा कोणी बनवल्या, असं त्यानं विचारलं, बाबू लोकांनी? आणि आता पाण्यात उतरायला आम्ही चालत नाही? बाकीचे तिघेही उठले. अमेचरसाहेब मधेच म्हणाले, अगदी कोरड्या आवाजात, की नियम लावायचा तर पूर्ण लावा, टूलरूमपासून स्मिथीपर्यंत सगळे बाद करा. नाहीतर अर्धाही लावू नका, घड्याळाप्रमाणे पहिले चार घ्या. आणि त्यांचा आक्षेप ते मागं घेत आहेत.

लेबर ऑफिसरनं दोन्हीकडं पाहिलं. मशीनवाले दाराशी उभे, दार बंद. त्यांनी पेन उघडलं आणि मी सुखलालचं नाव पुन्हा लिहिलं.

मीटिंग संपल्यावर सायकल स्टँडवर साहेब मला भेटले. पुस्तक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मला चिमटा काढायचा होता. म्हटलं, "काय साहेब, वीस वर्षं हवाला देता आणि खालची ओळ कधी वाचली नव्हती?"

"वाचली होती न."

"आं?"

"त्यानंच वाचून दाखवली होती. गोऱ्यानं. मी त्याला म्हटलं होतं, एकदा मलाही बसू द्या होडीत. तेव्हा पुस्तक काढलं, ही ओळ वाचली, आणि म्हणाला, यू अंडरस्टँड. मी म्हटलं, येस सर." त्यांनी सुतळीची गाठ मारली. "तो नियम सांगून मला काठावर उभं ठेवून गेला. मी या सुखलालला ठेवून राहिलो होतो."

जिभेला हाड नाही म्हणून मी बोललोच, "पण मग हळूच आक्षेप मागं घ्यायचा होता. सगळ्यांपुढं फजिती करून घ्यायला पुस्तक आणलं काहून?"

"हळूच घेतला असता तर लेबर ऑफिसर ऐकणार होता? त्याचा साडू यादीत बसला होता. त्याला नियमच पाहिजे होता, म्हटलं घे, पूर्ण घे." सायकलवर टांग टाकली. "आणि तू वाचलं छान. जोरात वाचलं. चलो."

सोमवारपासून सगळी फॅक्टरी त्यांना मजदूरसाहेब म्हणायला लागली. कँटीनमध्ये, गेटवर, टूलरूमच्या दाराशी. सुरुवात मीच केली होती शनिवारी, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी पंचगिरी सोडली. स्टॉपवॉच परत केलं. नवीन हौस काढली नाही. रविवारी तुळशीवर नाड्या दिसेनाशा झाल्या. वहिनी एकदा बायकोला म्हणाल्या, "आता घरीच बसून राहतात. त्यापेक्षा ते बुलबुल तरंग बरं होतं."

सुखलाल शर्यतीत दुसरा आला आणि पर्मनंट झाला. पत्र हातात पडलं त्या संध्याकाळी तो बायको आणि आईला घेऊन माझ्या क्वार्टरवर आला. पानांच्या द्रोणात खोव्याची जलेबी, गरम, पाक ठिबकत होता. म्हातारी माझ्या पाया पडली. माझ्या आईच्या वयाची बाई.

"बाबूजी, आपने बचा लिया," सुखलाल म्हणाला. "टर्नर चाचा ने सब बताया. आपने ऐसी अंग्रेज़ी पढ़ी कि सबकी बोलती बंद हो गई. वो बुड्ढा तो मेरे पीछे ही पड़ा था."

तेवढ्यात साहेब समोरच्या रस्त्यानं सायकल हातात धरून चालत जाताना दिसले, टायर बसलं असावं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, द्रोण पाहिला आणि ओळखीची मान हलवल्यासारखं केलं. सुखलालनं तोंड फिरवलं. म्हातारी त्यांच्या पाठीकडं पाहत शाप दिल्यासारखं म्हणाली, "इसको नर्मदा मैया देखेंगी."

मी तिला थांबवायला पाहिजे होतं. सांगायला पाहिजे होतं, की माई, वाचवलं ते आता जो गेला त्यानं. मी फक्त वाचलं, आणि तेही हसण्यासाठी. पण तोंडात जलेबी होती. ती गिळली, ओठ पुसले आणि म्हणालो, "अरे माई, वो तो मेरा काम था."

म्हातारीनं द्रोण आणखी पुढं केला. मी दुसरी उचलली.